चाळीस मिनिटांच्या अंधाराचा ठराव

अंधार ही माणसाला फुकट मिळालेली वस्तू आहे, आणि फुकट मिळालेल्या वस्तूची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात सापडत नाही. उजेडाचे तसे नाही. उजेडाला मीटर असते, खांब असतो, खांबाला नंबर असतो आणि पुढाऱ्याला सवड असेल तर उद्घाटनही असते. अंधाराचे उद्घाटन झाल्याचे कुणी ऐकलेले नाही. तरीही सन २००६ साली आमच्या घोडखडकवाडीच्या ग्रामसभेने चाळीस मिनिटांचा अंधार सूचक-अनुमोदकासह एकमताने मंजूर केला. असा ठराव करणारी तालुक्यातली आमची पहिलीच ग्रामपंचायत. (दुसरी अजून निघालेली नाही.) ठरावाचा मसुदा माझ्या हातचा आहे, म्हणून त्यामागची हकिकत सांगण्याचा अधिकार मला पोचतो. मी गावच्या वाचनालयाचा सचिव आहे. वाचनालयात पुस्तके एकशे चार असून कपाटाची किल्ली शोधण्याचे काम चालू आहे.

घोडखडकवाडी न्हावऱ्याच्या पुढे साडेचार किलोमीटरवर आहे. एस.टी. सकाळी येते आणि संध्याकाळी येते, असे वेळापत्रकात लिहिले आहे. ऊस, कांदा, दूध आणि शंका ही आमची मुख्य उत्पादने. या गावात कोंडिबा मामा दौंडच्या रेल्वेतून रिटायर होऊन परत आले आणि बुद्धविहाराच्या मागे बांधलेल्या घरात राहू लागले. चौतीस वर्षे ते सिग्नल खात्यात फिटर होते. म्हणजे खांबावर चढायचे, दिव्याची काच पुसायची, लाल हा लालच दिसतो आणि हिरवा हा हिरवाच दिसतो याची खात्री करायची, खाली उतरायचे आणि वहीत ‘सर्व ठीक’ असे लिहून सही करायची. आयुष्यात त्यांनी ‘सर्व ठीक’ हे शब्द दहा हजार वेळा तरी लिहिले असतील. (आजारपण आणि लग्नकार्ये वजा जाता.) बिघाड झाला म्हणजे लिहायचे ही आपली पद्धत, काही बिघडले नाही तरी लिहायचे ही रेल्वेची. या सवयीने पुढे गावाचे भले झाले आणि मामांचे वाटोळे.

रिटायर झालेल्या माणसाने काय करावे याचे आमच्याकडे नियम आहेत. त्याने पारावर बसावे, भावाशी बांधावरून भांडावे आणि कुणी विचारले नाही तरी तब्येत सांगावी. कोंडिबा मामांनी यातले काहीच केले नाही. त्यांनी सहा इंच व्यासाची जाड काच आणली, ती दुसऱ्या काचेवर पाच महिने घासली आणि तिचा आरसा केला. बोअरच्या पाइपाला आतून काळा रंग देऊन तो आरसा त्याच्या बुडाला बसवला. परसात सिमेंटचा खांब रोवला, तो ध्रुवताऱ्याशी जुळवायला अकरा संध्याकाळी घालवल्या, आणि त्यावर तो पाइप चढवला. ही दुर्बीण झाली. गावाने ती बघून पहिल्या दिवशी अंदाज केला की बोअरला पाणी लागले नाही म्हणून मामांनी पाइप उपसून ठेवला आहे. काहींचा तो अंदाज आजही कायम आहे.

दुर्बिणीतून काय बघणार, असे पारावर विचारले गेले. मृग नक्षत्रात तीन तारे एका ओळीत दिसतात, आमच्याकडे त्याला तिकांडं म्हणतात, त्याच्या खाली एक धुरकट ठिपका आहे, तो तारा नसून वायूचा ढग आहे आणि त्या ढगात नवे तारे जन्माला येत आहेत, असे मामांनी सांगितले. त्याचा फोटो काढायचा आहे, असेही सांगितले. पारावर रखमाजी आबा होते. आबांनी उभी हयात मेंढरांमागे हिंडून आता चार एकर कांद्यात बैठक मारली आहे. आकाश त्यांच्याइतके गावात कुणी बघितलेले नाही.

“त्यो ठिपका व्हय?” आबा म्हणाले. “मी मेंढरांमागं उघड्यावर निजायचो तवापास्न हाय त्यो. पर तिथं बाळंतपणं चालल्यात हे ठावं न्हवतं.”

“हजारांनी चालल्यात आबा,” मामा म्हणाले.

“मंग तिथं उजेड पायजे. बाळंतिणीच्या खोलीतला दिवा कवाच इजू देऊ न्हाई.”

हे वाक्य पुढे सभेच्या इतिवृत्तात आले आहे, म्हणून लक्षात ठेवावे.

आता शास्त्रीय बाजू. हा ढग डोळ्याला राखाडी दिसतो. तोच कॅमेऱ्याच्या रोलवर चाळीस मिनिटे साठू दिला तर लाल उमटतो. कोंडिबा मामांना तो लाल बघायचा होता. चौतीस वर्षे माणसाने लावलेला लाल दिवा पुसल्यावर कुणीच न लावलेला लाल एकदा बघावा, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तीत वावगे असे मला अजूनही काही दिसत नाही. घाई मात्र होती. डावा डोळा काचबिंदूने आधीच नेला होता आणि आता उजव्याची पाळी होती. दौंडच्या डॉक्टरांनी सांगितले होते की या थंडीपुरता डोळा कामाचा, पुढच्या थंडीचे नाव काढू नका. तिकांडं संध्याकाळच्या आकाशात असते तेही थंडीतच.

शिवाय फोटो काढायला डोळाच लागतो. पृथ्वी फिरते, त्यामुळे ढग पाइपातून निसटतो. म्हणून शेजारच्या बारक्या दुर्बिणीत एक तारा दोन बारीक तारांच्या फुलीवर धरायचा आणि तो हलला की हाताने स्क्रू केसभर फिरवायचा. चाळीस मिनिटे शिंकायचे नाही, खोकायचे नाही आणि कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. (मामांचे घरातले वागणे यामुळे फारसे बदलले नाही, असे अंजनामावशींचे म्हणणे आहे.) आणि आजूबाजूला उजेड असता कामा नये. रोल हा प्रामाणिक असतो. त्याला ढगाचा उजेड वेगळा आणि परसातल्या बल्बाचा वेगळा असा भेद करता येत नाही.

रोल धुण्याचे काम शिरूरच्या विनोदकडे होते. विनोदचा स्टुडिओ स्टँडच्या मागे. पासपोर्ट फोटोत दोन्ही कान सारखे आणण्याबद्दल त्याचे नाव तीन तालुक्यांत घेतले जाते. मामांचा पहिला रोल त्याने पाकिटात घालून परत केला. सोबत चिठ्ठी होती: ‘सर्व फोटो काळे. फ्लॅश पोचला नाही. वस्तू फार लांब उभी होती. पुढच्या वेळी जवळ उभी करावी.’

दुसऱ्या रोलमध्ये ढग आला होता. पण सगळेच फोटो काळे असल्यामुळे एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे विनोदला दिसेना. त्याने अंदाजाने कात्री चालवली. विनोदचा अंदाज चांगला असल्यामुळे ढगाचे दोन सारखे तुकडे झाले. यावर त्यानेच उपाय सुचवला. रोलवर पहिला फोटो माणसाचा काढावा, फ्लॅश मारून. माणूस दिसला की त्याच्या कडेपासून मापून पुढचे कापता येते.

माणूस म्हणून अंजनामावशी उपलब्ध होत्या. मावशी म्हणजे मामांच्या पत्नी. लग्नाला सदतीस वर्षे झाली होती आणि त्यांचा असा वेगळा फोटो घरात एकही नव्हता. जो होता तो रेशनकार्डावरचा, त्यातही निम्मा शिक्का त्यांच्या कपाळावर. आता दर रोलला एक फोटो निघू लागला. पहिल्यात त्या सूप घेऊन वैतागलेल्या आहेत. दुसऱ्यात सूप नाही. चौथ्यात लुगडे नवे आहे. सहाव्यापासून त्या सांगायच्या आत येऊन उभ्या राहू लागल्या.

“अवं, ढगाच्या आदी माजा कशाला?” त्यांनी एकदा विचारले.

“तू दिसलीस म्हंजी मंग इनोदला कळतं, कुठनं काय सुरू व्हतं ते,” मामा म्हणाले.

त्या रोलवरचा मावशींचा फोटो चांगला आला आहे.

दोन थंड्यांत मामांनी अकरा रोल वापरले. निष्कर्ष पुढीलप्रमाणे: काळा म्हणून परत, एक. मधोमध कापलेला, एक. दंव धरले, तीन. स्क्रू सटकला, दोन. शिंक, एक. ढगाच्या जागी दुसराच कुठला तरी तारा अतिशय स्पष्ट, एक. एकतिसाव्या मिनिटाला सरपंच पोपटराव मोटारसायकलवरून हेडलाइट लावून ‘काय मामा, जेवन झालं का?’ विचारायला थांबले, एक. अकराव्या रोलमध्ये काय चुकले हे कळले नाही. म्हणजे हात बसला होता आणि आता फक्त एक स्वच्छ संध्याकाळ हवी होती.

आणि अशा संध्याकाळी आमच्याकडे रोज होत्या, कारण लोडशेडिंग होते. तेव्हाचे लोडशेडिंग ज्याने भोगले त्यालाच ते कळेल. आमची पाळी संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ. गाव शिव्या देई, पोरे कंदिलावर अभ्यास करत, गिरणी बंद आणि टीव्ही आंधळा. सबंध तालुक्यात या व्यवस्थेबद्दल समाधानी असलेला माणूस एकच होता. साडेसहाला दिवे जात, अंधार दाटे आणि तिकांडं असे उजळून निघे, की रखमाजी आबासुद्धा ओट्यावर येऊन बसत. मामांनी महिनाभर नोंद ठेवली. दिवे जाण्याची वेळ कधी दोन मिनिटांपेक्षा जास्त चुकली नाही. इतकी वक्तशीर सेवा त्यांनी रेल्वेतही पाहिली नव्हती. तेव्हा, सगळे सुरळीत चालले असताना रेल्वेचा माणूस जे करतो ते त्यांनी केले. त्यांनी कळवले.

पत्र वीज खात्याच्या तालुक्याच्या कार्यालयाला होते. (कोणत्या ते लिहीत नाही. आमचे तिथे अजून काम पडते.) मजकूर असा: ‘मे. साहेबांस सविनय जय भीम. आमच्या गावचे सायंकाळचे भारनियमन दररोज ठरल्या वेळी होत असून त्याबद्दल मी आपला आभारी आहे. अंधार उत्तम मिळतो. तरी हे भारनियमन किमान फाल्गुन महिन्यापर्यंत असेच चालू ठेवावे, ही नम्र विनंती. बाकी सर्व ठीक.’

हे पत्र आले त्या दिवशी त्या कार्यालयात काम थांबले असे म्हणतात. (ते चालू कधी होते, हा वेगळा विषय.) आवक वहीत रकाने दोन: ‘तक्रारीचे स्वरूप’ आणि ‘निवारण’. आभाराला रकाना नव्हता, कारण लागला नव्हता. कारकुनाने पत्र तक्रारीत चढवले आणि साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी ते तीन वेळा वाचले. साहेब अनुभवी होते. शिव्या देणारी पत्रे त्यांना रोज येत आणि त्यांची त्यांना भीती नव्हती. पण ‘अंधार उत्तम मिळतो’ असे लिहिणारा माणूस साधा नसणार, हे त्यांनी ओळखले. एवढ्या शांतपणे चिमटा काढतो, त्याअर्थी मागे कुणी मोठा असला पाहिजे. आज आपल्याला लिहिले, उद्या पेपरात छापेल. ‘बाकी सर्व ठीक’ या शब्दांखाली त्यांनी लाल शाईने दोन रेघा ओढल्या.

आठवड्याच्या आत आमची पाळी बदलली. दिवे जाण्याची वेळ दुपारी अकरा ते दोन झाली आणि संध्याकाळ उजळली. आमचा साडेसहा ते साडेनऊचा अंधार पलीकडच्या गावाला देण्यात आला. त्यांनी काही लिहिले नव्हते. वहीत ‘निवारण’ या रकान्यात ‘तक्रारदाराचे समाधान करण्यात आले’ अशी नोंद आहे. ती मी स्वतः पाहिली आहे.

गावात आनंदीआनंद झाला. सात वर्षांत तीन मोर्चे, दोन उपोषणे आणि एका आमदाराने जे झाले नाही, ते रिटायर माणसाच्या एका पोस्टकार्डाने झाले. पोपटरावांनी फेटा, नारळ आणि शाल देऊन मामांचा सत्कार केला. मामांनी सत्काराला उत्तर देताना खरे काय ते सांगितले. “म्या दिवं मागितलं न्हवतं. अंधार मागितला व्हता,” असे ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढे करून श्रेय घेत नाही, अशी माणसे आता राहिली नाहीत, असे पोपटराव म्हणाले.

सत्कारानंतर भाव अनावर होऊन ग्रामपंचायतीने आणखी एक पाऊल टाकले. हा माणूस परसात अंधारात काम करतो, हे सर्वांना ठाऊक होते. त्याची आपल्याला लाज वाटली पाहिजे, असा विचार पुढे आला. चार दिवसांत मामांच्या परसाच्या कोपऱ्यात खांब उभा राहिला आणि त्यावर चारशे वॅटचा हॅलोजन लागला. खांबाला पाटी आहे: ‘खगोलप्रेमी कोंडिबा मामा यांच्या कार्यास समस्त ग्रामस्थांकडून प्रकाश’. हॅलोजन लागला त्या संध्याकाळी मामांच्या परसात सुईत दोरा ओवता येत होता. अंजनामावशींनी तो ओवलाही.

मावशींना वीज हवी होती, आणि हे त्यांनी लपवले नाही. “तुमी तुमचं आभाळ बघा. मला माजं दळान बघू द्या,” त्या म्हणाल्या. मग हॅलोजनखाली खांबाला टेकून बसलेल्या नवऱ्याकडे त्यांनी बघितले आणि दळणाचा डबा आत नेऊन ठेवला.

मामांनी प्रयत्न सोडले नाहीत. दुर्बीण उचलून पलीकडच्या गावी न्यावी, तर सिमेंटचा खांब उपटता येत नव्हता. नवा खांब ध्रुवाशी जुळवीपर्यंत थंडी संपली असती. कार्यालयाला पुन्हा लिहावे, तर गावाने पोस्टमनला विश्वासात घेतले होते. मामांचे पोस्टकार्ड हे आता गावाच्या दृष्टीने हत्यार होते. शेवटी त्यांनी वायरमनला गाठून अमावस्येला चाळीस मिनिटे दिवे घालवता येतील का, असे विचारले.

“मामा, लाइट रोज जाती,” वायरमन म्हणाला, “पर मागून जात न्हाई.”

तेव्हा एकच मार्ग उरला. गावानेच आपापले दिवे आपल्या हाताने बंद करायचे. माघाच्या अमावस्येला रात्री आठ ते आठ चाळीस. त्यानंतरच्या अमावस्येला तिकांडं पश्चिमेला कारखान्याच्या धुरात उतरणार होते, आणि डोळ्याचे तर काही सांगायलाच नको. मामांनी अर्ज दिला. ग्रामसभा बोलावली. कोरम पूर्ण झाला, हे इतिवृत्तात ठळक अक्षरांत आहे.

चर्चा साधकबाधक झाली. अमावस्येला दिवा मालवणे बरे नव्हे, असा एक मुद्दा आला. चोऱ्या होतील, असा दुसरा आला. (चोर आपल्यातलाच असेल तर त्याचाही दिवा बंद असेल, मग त्याला दिसणार कसे, असे त्याचे खंडन झाले.) सर्वांत गंभीर हरकत रखमाजी आबांची होती. वर बाळंतपणे चालू आहेत असे मामाच सांगतात, मग खाली दिवे मालवायचे कसे?

मामा उभे राहिले. “आबा, तिथला उजेड तिथं जल्मतोय,” ते म्हणाले. “आपला दिवा हितं लागला की तिथला दिसत न्हाई. चाळीस मिन्टं. मला माज्यासाटी एवढंच पायजे. पुढल्या साली मी मागनार न्हाई.”

मामांनी पूर्वी गावाकडे काही मागितल्याचे कुणाला आठवत नव्हते. आबांनी हरकत मागे घेतली आणि अनुमोदन दिले. दोनशे बारा कुटुंबांतर्फे दोनशे बारा हात वर झाले. असा एकोपा मी या गावात पूर्वी फक्त बाहेरच्या माणसाला मारताना पाहिला होता.

त्याच वेळी मागच्या रांगेतून कुणीतरी विचारले, “आमी बंद करू. पर बाकीच्यांनी केलं न्हाई तर?”

हा प्रश्न रास्त होता. आपण काळोखात बसायचे आणि शेजाऱ्याने आत दार लावून ट्यूबखाली मटण खायचे, हे कोणत्याही न्यायात बसत नाही. म्हणून ठरावाला पोटकलम जोडण्यात आले: ‘दिवे बंद राहतात किंवा कसे यावर देखरेख ठेवणेकामी अकरा सदस्यांची निरीक्षण समिती नेमण्यात येत आहे. समितीने गावात फिरून खात्री करावी. अंधारात फिरणे धोक्याचे असल्याने प्रत्येक सदस्याने सोबत बॅटरी बाळगावी.’ पोटकलमाची भाषा मला आजही निर्दोष वाटते. समितीचा सचिव मी होतो.

माघाची अमावस्या उजाडली आणि मावळली. आठला पाच कमी असताना मामांनी रोल भरला. अंजनामावशी नवे लुगडे नेसून उभ्या राहिल्या, फ्लॅश चमकला, पहिला फोटो झाला. आठला पोपटरावांनी ग्रामपंचायतीतले बटण दाबले आणि हॅलोजन विझला. पाठोपाठ घरे विझली. एक एक करत दोनशे बाराच्या दोनशे बारा. आकाश खाली आल्यासारखे झाले. मी पन्नाशीचा आहे, पण आमच्या गावावर इतके तारे असतात हे मला माहीत नव्हते. (लोडशेडिंगात मी शिव्या देत असे, वर बघत नसे.) तिकांडं उभे होते आणि त्याखाली तो ठिपका, साध्या डोळ्यालाही दिसत होता. मामांनी कॅमेरा उघडला, उजवा डोळा फुलीला लावला आणि स्क्रूवर बोटे ठेवली.

आठ वाजून दोन मिनिटांनी समिती निघाली. अकरा सदस्य, अकरा बॅटऱ्या.

आठ वाजून सहा मिनिटांनी वरच्या आळीला शंका आली की समिती खालच्या आळीकडे काणाडोळा करत आहे. वरच्या आळीने आपले निरीक्षक पाठवले. खालच्या आळीने ते पाहून आपले पाठवले. मग प्रत्येक घराने आपला दिवा खरोखर बंद आहे हे येणाऱ्याला नीट दिसावे म्हणून दारातून बल्बावर बॅटरी धरली. पंधराव्या मिनिटाला गावात दिवे शून्य आणि बॅटऱ्या तीनशे नऊ होत्या. (मोजल्या मी. मोबाइलचे उजेड धरलेले नाहीत; ते तेव्हा चारच होते.) एका कुटुंबाने समितीला वाट दिसावी म्हणून ट्रॅक्टर चालू करून ठेवला.

परसात अंजनामावशींनी हे बघितले. त्यांनी आतून वाकळ आणली आणि दोन्ही हात वर करून दुर्बिणीच्या तोंडाशी आडोसा धरला. नव्या लुगड्यात, हात वर करून त्या अकरा मिनिटे तशाच उभ्या होत्या. रखमाजी आबा काठी घेऊन फाटकाशी बसले आणि येईल त्याला “इजव ती!” म्हणून खेकसू लागले. त्या दोघांकडेच बॅटरी नव्हती. मामांनी डोळा हलवला नाही.

सव्विसाव्या मिनिटाला पोपटराव आले. ते समितीचे अध्यक्ष होते, म्हणून आबा त्यांना अडवू शकले नाहीत. गावाच्या त्यागाचे चीज होत आहे की नाही हे बघण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. ते दुसऱ्या बाजूने, जिकडे वाकळ नव्हती तिकडून, दुर्बिणीच्या खांबाच्या सिमेंटच्या पायरीवर चढले.

“मामा, आलं का काय?” त्यांनी विचारले, आणि आत नीट दिसावे म्हणून पाइपात बॅटरी मारली.

बाकीच्या चौदा मिनिटांत काय झाले ते लिहिण्यासारखे नाही. मामांनी कॅमेरा बंद केला, रोल काढला आणि पोपटरावांना चहा विचारला. आठ चाळीसला दिवे लागले तेव्हा गावाने टाळ्या वाजवल्या. ठरावाची शंभर टक्के अंमलबजावणी झाल्याचा अहवाल मी दुसऱ्या दिवशी पंचायत समितीला सादर केला.

रोल शिरूरहून पाच दिवसांनी आला. विनोदची चिठ्ठी होती: ‘पहिला फोटो उत्तम. दुसऱ्यात वस्तू या वेळी हलली नाही, पण उजेड फार. वस्तूच्या तोंडावर बॅटरी मारू नये.’ फोटो पांढराफटक होता. फक्त खालच्या कोपऱ्यात, जिथे पोपटरावांची बॅटरी पोचली नव्हती, तिथे अंगठ्याच्या नखाएवढा डाग उरला होता. मामांनी तो उजव्या डोळ्याशी नेला. बराच वेळ धरला. मी तिथे होतो.

“लाल हाय,” ते म्हणाले.

“एवढाच?” मावशींनी विचारले.

“लांब हाय न्हवं.”

मग त्यांनी खिशातला पेन काढला, फोटोच्या पाठीमागे तारीख घातली, ‘सर्व ठीक’ असे लिहिले आणि सही केली. मला फार वाईट वाटले. माझ्या बॅटरीत तीन सेल होते आणि ती तीनशे नवांत धरलेली आहे.

पुढच्या पावसाळ्यात उजवा डोळा गेला. दुर्बीण परसातच आहे. पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून तिच्या तोंडावर मावशींनी पातेले पालथे घातले आहे. घरात भिंतीवर मावशींचे दहा फोटो ओळीने लावले आहेत आणि त्यांच्या शेवटी तो पांढरा. कुणी आले की मावशी मामांचे बोट धरून त्या डागावर ठेवतात आणि मामा पाहुण्याला सगळे समजावून सांगतात. हॅलोजन रात्रभर चालू असतो. तो ज्याच्यासाठी लावला त्याला आता त्याचा त्रास नाही, ही गोष्ट गावाने समाधानाने नोंदवली आहे.

ठराव रद्द झालेला नाही. दर माघात तो वाचून कायम केला जातो, आणि बाकीच्यांनी बंद केला की आम्ही लगेच करू, असे दोनशे बारा कुटुंबे आजही शपथेवर सांगतात. वाचकांना गंमत वाटली असेल. खेडवळ माणसे, असेही मनात आले असेल. त्यांना एवढीच विनंती आहे की, हे ज्या दिव्याखाली वाचलेत त्याची आता गरज नाही. वाचून झाले आहे. उठा, बटणापर्यंत जा. जाल, आणि बटणावर बोट ठेवून आधी खिडकीतून शेजारच्याचा बंद आहे का ते बघाल. बघून घ्या. तोही बोट ठेवून तुमच्याच खिडकीकडे बघतो आहे.